नारूचा अर्ज

संशोधनाला ग्रँट मागायचा अर्ज कसा लिहावा, हे विचारायला हल्ली तरुण डॉक्टर माझ्याकडे येतात. मला एकदा अशी ग्रँट मंजूर झाली होती, एवढंच त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं. पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. मी त्यांना चहा देतो, अर्ज चार पानांत आटपा म्हणतो आणि वाटेला लावतो. खरं सांगायचं तर त्या अर्जाची आठवण निघाली की अजून माझं डोकं तापतं. थोडं दिल्लीवर, थोडं आमच्या साहेबांवर आणि बरंचसं स्वतःवर.

एकोणीसशे तीसच्या आगेमागची गोष्ट. सोलापूरच्या विणकर वस्तीत एक लहानसा सरकारी दवाखाना होता आणि तिथे मी डॉक्टर होतो. वस्ती बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. दारोदारी माग, दिवस उगवला की त्यांची ठकठक सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. माझ्याकडे येणारे रोगी खोकल्याचे, तापाचे, खरजेचे. पण होळी झाली आणि ऊन चढू लागलं की नारूवाले यायला लागत, आणि मग पावसाळ्यापर्यंत माझ्या बाकावर दुसऱ्या कुणाला जागा मिळत नसे.

नारू आता फारसा कुणाला माहीत नाही, ते बरंच आहे. हातभर लांब, सुतासारखा पांढरा किडा माणसाच्या पायाची कातडी फोडून बाहेर येतो. त्याला एकदम ओढता येत नाही. काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा आणि असं तीन-तीन आठवडे बसून राहायचं. घाई केली तर तो तुटतो, आत पू धरतो आणि सांधा कायमचा आखडतो. जळजळ अशी की रोगी पाय थंड पाण्यात बुडवायला धावतो, आणि थंड पाणी म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाय बुडला की नारू त्या पाण्यात आपली पिल्लं सोडतो. पाण्यात राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक असे किडे असतात, ते ही पिल्लं गिळतात. तेच पाणी लोक पितात, किड्यांसकट. मग वर्षभराने पिणाऱ्याच्या पायातून नारू डोकावतो.

हे सगळं आमच्या आधीच्या लोकांनी शोधून ठेवलेलं होतं. मी त्यात काही भर घातली नव्हती. मला एकच गोष्ट तपासायची होती. विहिरीत मासे सोडले तर ते हे किडे खातात, असं मी वाचलं होतं. आमच्या वस्तीच्या विहिरींत ते खरं ठरेल का आणि त्याने नारू थांबेल का? यासाठी एक चांगला सूक्ष्मदर्शक, एक हाताखालचा माणूस आणि दोन वर्षांचा वेळ हवा होता. अशा कामांना पैसे देणारी सरकारी समिती दिल्लीला होती. तिला अर्ज करायचा मी ठरवलं.

तयारी म्हणून वस्तीतल्या एका विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून, वर राहिलेले किडे थोड्या पाण्यात घालून, मी एका काचेच्या बाटलीत ठेवले. बाटली माझ्या टेबलावर असायची. धूळ बसू नये आणि लोकांनी हात लावू नये म्हणून तिच्यावर फडकं. शेजारी मुठीत धरायचं भिंग. रोज सकाळी फडकं काढायचं, किडे मोजायचे, वहीत लिहायचे आणि फडकं परत घालायचं.

दवाखान्यासमोरच्या बोळात राहणारा एक विणकर त्या उन्हाळ्यात पोटरीत नारू घेऊन आला. चाळिशीचा, हाडापेराने बारीक, बोलायला मोकळा माणूस. खड्ड्यातल्या मागावर तो लुगडी विणायचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली दोन लाकडी पावड्या. एक दाबली की निम्मे धागे वर उठतात, दुसरी दाबली की उरलेले. मधून धोटा पळवायचा. लोकांना वाटतं विणकाम हाताचं. ते पायाचंही तेवढंच. आणि लग्नसराई नेमकी नारूच्याच दिवसांत यायची. लुगड्यांना गिऱ्हाईक दारात उभं आणि विणणारा पाय काडीला बांधलेला.

“आवंदा पोटरीत आलाय, तर बरं हाय,” तो म्हणाला. “पावडी दाबता येतीया. गुडघ्यात आला तर मेलोच म्हना की.”

मी त्याचा नारू काडीवर घेत होतो तेवढ्यात त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. फडक्याखाली काय आहे म्हणून त्याने विचारलं. दुपारचं ऊन, बाहेर पंधरा माणसं, हातात तुटायला टपलेला नारू. “हात लावू नका,” मी खेकसलो. “सरकारी काम आहे ते.” त्याने हात मागे घेतला.

“पाणी गाळून पीत जा,” हे मात्र त्यालाही सांगितलं. ते मी सगळ्यांनाच सांगायचो. भिंतीवर लिहूनही ठेवलं होतं. सगळे एकच उत्तर देत: “गाळतो की!” आणि ते खोटंही नव्हतं. घागरीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा धरायचा. त्यातून काडीकचरा अडकायचा आणि माझे किडे मजेत आत जायचे.

पहिला अर्ज मी एकतीस पानांचा लिहिला. आज आठवलं तरी हसू येतं आणि हसता हसता चीड येते. पहिली आठ पानं नारूचा इतिहास, पुढची सहा पानं जगात कुठे कुठे नारू आहे ते. मग सोलापूरचं हवामान, जमीन, पर्जन्यमान. माझा मूळ प्रश्न अठ्ठाविसाव्या पानावर, तोही एका कंसात. आमचे आरोग्य अधिकारी, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, त्यांच्यामार्फत अर्ज जायचा. साहेबांना इंग्रजीचा फार नाद. त्यांनी माझी एकतीस पानं वाचली आणि अर्ज तुटपुंजा वाटतो म्हणून सुरुवातीला मानवजातीच्या कल्याणावर दोन पानं स्वतःच्या हाताने जोडली.

कोर्टाबाहेर झाडाखाली एक म्हातारा टंकलेखक यंत्र मांडून बसायचा. जन्म गेला त्याचा लोकांचे दावे-अर्ज टाइप करण्यात. तीन प्रती काढायला मी त्याच्याकडे गेलो. आठवड्याने त्याने कागद हातात ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“एक इचारू का? रागावू नका,” तो म्हणाला. “ह्यात मागणी कुटं हाय?”

“म्हणजे?”

“आमच्याकडं कसं असतंय, अर्ज कितीबी लांबू दे, शेवटाला मागणी असती. मला अमुक द्या, ह्या कारनासाठी द्या. तुमचं सगळं वाचलं. मासं आलं, पानी आलं, पाऊस आला. पर तुमाला काय पायजे ते काय कळंना बगा.”

मला राग आला. इंग्रजीतून शास्त्र लिहिलेल्या माणसाला कोर्टाच्या झाडाखालचा टंकलेखक शिकवणार! मी पैसे टाकले आणि निघालो. सहा महिन्यांनी दिल्लीहून उत्तर आलं. विषय व्यापक आहे, अर्जदाराला नेमकं काय करायचं आहे ते स्पष्ट होत नाही. म्हाताऱ्याने जे फुकट सांगितलं तेच. समितीने फक्त लिफाफ्यात घालून पाठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात विणकराला उजव्या गुडघ्यात नारू आला. गुडघ्याच्या आतच, जिथे यायला नको तिथे. मी त्याला बजावलं होतं, काडी माझ्याशिवाय फिरवायची नाही. पण घरात एका लग्नाच्या लुगड्यांचं काम अंगावर, उभ्या धाग्यांचा ताणा मागावर अर्धवट विणलेला. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच ओढला आणि तुटला. पुढचे दोन महिने गुडघा टमाट्यासारखा लाल, ताप, पू, पोटिस. मी रोज घरी जाऊन जखम धूत होतो. पावसाळा लागेपर्यंत ताप उतरला, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो झालाच.

तो लंगडत मागावर जाऊन बसला तेव्हा मी तिथेच होतो. उजवा पाय खड्ड्यात मावेना, म्हणून त्याने खड्ड्याची पुढची कड थोडी फोडून घेतली आणि पाय सरळ पुढे पसरला. मग एकटा डावा पाय एकदा या पावडीवर, एकदा त्या पावडीवर. कापड निम्म्या वेगाने पुढे सरकायला लागलं.

“ह्यो एक पाय हाय तवर भाकरी हाय,” त्याची बायको म्हणाली. ती मागाशेजारी बसून चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. “डाव्यात न्हाय आला म्हंजी मिळवली.”

मी घरी आलो आणि दुसरा अर्ज लिहायला बसलो. आता माझ्या अंगात आलं होतं. टंकलेखकाची मात्रा लागू पडली होती, म्हणून आधी मागणी लिहिली. एकूण दोन पानं. साहेब वैतागले, एवढ्याशा कागदावर सही करायची त्यांना लाज वाटत होती. मानवजात मी परत घेणार नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली, पण पेन आपटून.

आता मला खात्री होती. पण दिल्लीकडे प्रत्येक खात्रीला एक पत्र तयार असतं. समितीने कळवलं: प्रश्न स्पष्ट आहे, परंतु अर्जाला प्राथमिक निरीक्षणांचा आधार नाही, तो जोडून पुन्हा पाठवावा. म्हणजे मासे किडे खातात का हे पाहायला पैसे हवे असतील, तर आधी मासे किडे खातात हे दाखवा. पोहता येतं हे दाखवा, मग विहिरीत उतरायची परवानगी देऊ. दुसरी गंमत अशी की सरकारचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि नारूला उगवायला पुरतं वर्ष लागतं. एका वर्षाची ग्रँट द्यायची आणि वर्षअखेर निकाल मागायचा, ही अट ज्याने घातली त्याने नारूला विचारून घातली नव्हती. आणि ही मंडळी उन्हाळ्यात सिमल्याला. नारू सोलापुरात, कागद दिल्लीत आणि वाचणारे डोंगरावर.

मी दात-ओठ खात का होईना, निरीक्षणाला लागलो. हिवाळ्यात तलावावरून भोई लोकांकडून दोन घागरी लहान मासे आणवले आणि विणकराच्या बोळातल्या पायऱ्यांच्या विहिरीत सोडले. पलीकडच्या बोळातही तशीच विहीर होती, ती बिनमाशांची ठेवली. दोन्ही विहिरींचं पाणी दर सोमवारी एकाच फडक्यातून गाळायचं आणि किडे मोजायचे. टेबलावरच्या बाटलीत आता माशांच्या विहिरीतले ताजे किडे असत. हे फडकं मी विणकराकडूनच मुद्दाम विणून घेतलं होतं, अगदी घट्ट विणीचं. मासे सोडताना बोळ गोळा झाला. मी सगळ्यांना समजावलं की हे मासे नारू घालवतात, यांना कुणी पकडायचं नाही, खायचं नाही. माना डोलल्या. मला समाधान वाटलं.

पहिले तीन सोमवार माशांच्या विहिरीतले किडे भराभर कमी झाले. मी तिसऱ्या अर्जाचा मसुदा सुरू केला. चौथ्या सोमवारी किडे वाढले. पाचव्या सोमवारी आणखी वाढले. होळीच्या सुमाराला माशांच्या विहिरीत बिनमाशांच्या विहिरीपेक्षा जास्त किडे निघाले. मी फडकं बदललं, भिंग पुसलं, मोजणारा मीच असल्यामुळे स्वतःवर संशय घेतला. मासे मेले असतील म्हणून एका सकाळी विहिरीवर गेलो.

मासे चांगले गुटगुटीत झाले होते. खालच्या पायरीवर माझा विणकर बसला होता, डावा पाय पाण्यात सोडून. तळपायाला नारूचा फोड उठला होता. शेजारी त्याची बायको. तिच्या हातात वाटी, वाटीत कणकेच्या गोळ्या. ती एकेक गोळी पाण्यात टाकत होती आणि मासे त्याच्या पायाभोवती झुंबड करून ती खात होते. वरच्या पायरीवर दुसरी एक बाई लाह्या घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत होती. विहिरीच्या कडेला हळदीकुंकू वाहिलेलं.

“हे काय चाललंय?” मी वरूनच ओरडलो.

“माशांना घालतुया,” ती म्हणाली. तिला माझ्या ओरडण्याचं नवल वाटलं. “नवस बोलले हाय. ह्यांचा डावा पाय धड राहू दे, रोज गोळ्या घालीन म्हनून.”

“कुणी सांगितलं तुला माशांना नवस बोलायला?”

“तुमीच की! मासं नारू घालवतात म्हनला न्हवं का समद्यांम्होरं? मग तेनला उपाशी ठेवून कसं चालंल?”

वस्तीतला प्रत्येक नारूवाला रोज विहिरीवर येत होता. माशांना खाऊ घालायला येत होता, म्हणून पायरीवर बसत होता, म्हणून पाय पाण्यात सोडत होता. माशांची पोटं कणकेने भरलेली, ते किड्याकडे ढुंकून बघत नव्हते. आणि पूर्वी कधीमधी बुडणारे पाय आता रोज नेमाने बुडत होते. त्या विहिरीत नारू वाढवायचा कट कुणी केला असता तर त्यालाही इतकं चोख जमलं नसतं. आणि तो कट माझा होता.

माझा तोल गेला. मी विणकराचा दंड धरून त्याला पाण्याबाहेर ओढलं. मग धावत दवाखान्यात गेलो, टेबलावरची बाटली आणि भिंग उचललं आणि परत विहिरीवर आलो. अंगातला सगळा संताप त्या बाटलीत होता. फडकं काढून मी ती विणकराच्या बायकोच्या नाकासमोर धरली.

“बघ! यात बघ! हे तुझ्या विहिरीतलं पाणी आहे. हे पितेस तू. तुझे मासे हे खायला आणले होते मी, कणीक खायला नाही!”

तिने भिंग हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. मग ती बाटलीवर वाकली. पांढरे किडे उड्या मारत बाटलीभर फिरत होते. कुणाच्या मागे अंड्यांच्या दोन दोन पिशव्या लटकलेल्या.

“पुरुगुलु,” ती आपल्या भाषेत पुटपुटली. मग नवऱ्याकडे वळून ओरडली, “किडं! जित्तं किडं हायत ह्यात!” तिने पदर तोंडाला लावला. लाह्यावाल्या बाईने भिंग तिच्या हातातून हिसकलं. तिच्यामागे तिसरी आली. मी चिडून निघून गेलो, बाटली आणि भिंग तिथेच राहिलं. संध्याकाळी परत मागायला गेलो तर बाटली चार घरं फिरून पाचव्या घरात होती. मी ती आणून टेबलावर ठेवली, वर फडकं घातलं.

दुसऱ्या दिवशी विणकराची बायको दवाखान्यात आली. डाव्या पायाचं काही विचारायला आली असेल, असं मला वाटलं. तो नारू नशिबाने पुढे काडीवर अख्खा निघाला. पण तिला बघायचं होतं माझं गाळायचं फडकं. “ह्यातनं किडं वर ऱ्हात्यात न्हवं?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने फडकं उजेडाकडे धरून वीण बघितली आणि निघून गेली. मी मसुद्यात डोकं खुपसलं.

कारण तिसरा अर्ज मी पाठवणारच होतो. आता तर हट्टाने. माझी सगळी निरीक्षणं कणकेत बुडाली होती आणि ती आहेत तशी लिहायची की नाही, यावरून साहेबांशी तासभर खडाजंगी झाली.

“अहो, पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे द्या आणि थांबा,” साहेब म्हणाले. “चांगले आकडे आहेत. कणकेच्या गोळ्या दिल्लीला कळवून गावाची शोभा करणार आहात का?”

“आणि पैसे मिळाल्यावर पुन्हा गोळ्या टाकल्या तर?”

“ते मग बघू.”

मी बघू म्हणायला तयार नव्हतो. सगळं लिहिलं. मासे सोडले, किडे घटले, मग लोकांनी माशांना खाऊ घातलं आणि किडे वाढले. पुढच्या वेळी विहिरीवर जाळी बसवीन, पाणी काढायला रहाट बसवीन, पायऱ्या बंद करीन, अमुक इतक्या घरांत नारूवाले मोजीन, आणि दोन वर्षांच्या आत निकाल मागू नका. चार पानं. टंकलेखकाने वाचली, मागणीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “आता कसं! आता कोर्टात उभं ऱ्हाईल.” तेवढं एक प्रमाणपत्र मला त्या सगळ्या खटाटोपात मनापासून आवडलं.

पुढच्या होळीच्या आधी मंजुरी आली. पूर्ण. दोन वर्षांसाठी. अडचण न लपवता मांडल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं होतं, आणि त्या समाधानाचं श्रेय साहेबांनी घेतलं. मी ते पत्र खिशात घालून चार दिवस फिरलो. मग ऊन चढलं आणि घरोघर नारूवाल्यांची यादी करायला वही घेऊन विणकराच्या बोळात गेलो.

पहिल्या घरात कुणाला नारू नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्या घरात एका म्हाताऱ्याला होता, पण तो अक्कलकोटकडून पाहुणा आलेला. पुढे सगळा बोळ पालथा घातला. मागच्या वर्षी जिथे दर दुसऱ्या घरात काडी फिरत होती तिथे यंदा दोन माणसं. मी पलीकडच्या बिनमाशांच्या विहिरीच्या बोळात गेलो. तिथेही तसंच. आता लपवत नाही: मला राग आला. लोकांना नारू झाला नाही म्हणून डॉक्टरला राग आला. तीन वर्षं घासलेला अर्ज, मंजूर झालेले पैसे, आणि मोजायला माणसं नाहीत!

तणतणत मी विणकराच्या घरात शिरलो. तो मागावर होता. त्याची बायको पाणी भरून आली होती आणि घागर माठात ओतत होती. माठाच्या तोंडावर कापड ताणून बांधलं होतं. माझ्या फडक्यासारखंच, घट्ट विणीचं. कडेला लाल दोरा घातलेला. आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली ते ओळखायला, असं तिने सांगितलं. उलटं बांधलं तर वर राहिलेले किडे परत पाण्यात जातात, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“तुमी बाटली दावली तवापासनं. त्याच आठवड्यात विणून घेतलं ह्यांच्याकडनं. मग समद्याच बाया मागाय लागल्या. दोनी बोळांत बांदत्यात आता. किडं बघितल्यावर कुनाला घोट गिळंल?”

“तरी मी आधीपासून ओरडतोय, गाळून प्या, गाळून प्या!”

“गाळतच व्हतो की. पर काय गाळायचं ते कुटं ठावं व्हतं?”

मी खाली बसलो. खिशातलं पत्र काढून तिला सांगितलं की दिल्लीहून पैसे आलेत, आणि ते आता परत पाठवावे लागतील, कारण ज्याचा शोध घ्यायचा तो नारूच इथे उरला नाही. आणि पुढे ते परत पाठवलेही. कापडाचाच अभ्यास करतो म्हणून मी समितीला विनवलं, पण मंजूर झालेल्या कामात कापड नव्हतं. साहेब त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

“तीन सालं ते कागद लिवत व्हता?” तिने विचारलं.

“हो.”

“एवडं लिवत कशाला बसला? त्यांना बी बाटलीच दावायची की.”

मला हसू आलं. मी म्हटलं, खरंच, बाटलीच पाठवायला हवी होती. तेवढ्यात मागाचा आवाज थांबला. विणकर धोटा हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतं आठवत होता.

“ती बाटली पैल्या सालात बी टेबलावर व्हती न्हवं? मी म्होरंच बसलो व्हतो. फडक्याखाली काय हाय म्हनून इचारलं तर तुमी म्हनला, हात लावू नका, सरकारी काम हाय.”

“हो,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि पुन्हा विणायला घेतलं. उजवा पाय समोर सरळ पसरलेला होता, आणि एकटा डावा पाय या पावडीवरून त्या पावडीवर जात होता.